येथे पंक्चर काढून मिळेल

ट्यूब पाण्यात असताना महिपती बोलायचा नाही. गिऱ्हाईक बोलत असलं तरी उत्तर द्यायचा नाही. घमेल्यात ट्यूब वीत वीत पुढे सरकवायची, दोन्ही हातांनी हलकी ताणायची आणि बुडबुडा दिसला की त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवल्यावरच तो मान वर करायचा आणि विचारायचा, "हं, काय म्हणत होता?"

धायरीच्या गावठाणातून मुख्य रस्त्याकडे येताना जो वळणाचा कोपरा लागतो, तिथे त्याचं बस्तान होतं. वर पत्र्याचा एक तुकडा, खाली पोतं, पायाने दाबून उभा धरायचा पंप, हत्यारांची लाकडी पेटी आणि पाण्याचं घमेलं. पेटीच्या झाकणावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, 'येथे पंक्चर काढून मिळेल'. अक्षरं वाकडी होती, पण शुद्ध होती.

यातल्या 'काढून' या शब्दावर त्याचा सगळा धंदा उभा होता.

ट्यूबला पॅच डकवणं कुणालाही येतं, असं तो म्हणायचा. तरी तेही लोक नीट करत नाहीत. ट्यूब कोरडी पुसली पाहिजे. कानशीने घासली पाहिजे, आणि घासायची म्हणजे रबराची चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मग सोल्युशन बोटाने पातळ पसरायचं आणि वाळू द्यायचं. इथेच माणसाची परीक्षा असते. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असतं, आणि ओल्या सोल्युशनवर पॅच दाबून त्याला वाटेला लावायचा मोह होतो. असा पॅच दिसायला बसतो आणि थोड्या दिवसांनी कडेने सुटतो. महिपती वाळेपर्यंत थांबायचा. पॅच बसवून वरून हातोडीने ठोकायचा, हलकंच, पण कडेपर्यंत.

आणि एवढं झालं तरी त्याच्या हिशेबी पंक्चर निघालेलं नसायचं. आता तो टायरच्या आत दोन बोटं घालायचा आणि सगळा वेढा चाचपायचा. काटा, खिळा, काच, जे घुसलं असेल ते सापडेपर्यंत चाक बंद करायचं नाही. सापडलं की पक्कडीने ओढायचं आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचं. "हे घ्या. काढलं." गिऱ्हाइकाने बघून परत दिलं की ते डबीत टाकायचं. रस्त्यावर कधीच नाही.

ही रीत त्याला तात्यारावांनी लावली. महिपती वाशिमकडचा. गावी पोट भरेना म्हणून बायकोला, सुशीलाबाईला, घेऊन पुण्यात आला आणि पेठेत तात्यारावांच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानात लागला. त्या वेळी अर्धं पुणं सायकलवर असायचं. तात्याराव म्हणायचे, "ठिगळ लावणं म्हणजे पंक्चर लावणं. आपण पंक्चर काढतो. दोन्हीत फरक आहे. कळत नसेल तर टेलरकडे कामाला जा."

मग हप्त्यावर मोटारसायकली मिळायला लागल्या. भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून गंजल्या. तात्यारावांनी दुकान मोडून एसटीडी बूथ टाकला आणि निरोपादाखल पंप व पेटी महिपतीला दिली. तो धायरीला आला. इथे अजून शेतं होती, आणि कामाला, शाळेला सायकलीच होत्या.

कोपरा गेनबाचा होता. गेनबा इथला जुना शेतकरी. त्याने शेत बिल्डरला दिलं तेव्हा कोपऱ्याकडे हात करून सांगितलं, "हितं महिपती बसतोय. त्यो हितंच बसंल. कागद-बिगद न्हाय, माझा शब्द हाय." शेतात चार मजली सोसायटी उभी राहिली, गेनबालाही तिच्यात फ्लॅट मिळाले, आणि महिपती तिच्या भिंतीला पाठ लावून बसू लागला.

गावाचा सगळा बदल त्याच्या डबीतून गेला. सुरुवातीला त्यात बाभळीचे काटे असायचे, मधूनच बैलाच्या नालेचा खिळा. बाभळी तुटल्या तसे काटे कमी झाले. त्यांच्या जागी सेंटरिंगचे खिळे आले, स्लॅबच्या सळया बांधतात त्या तारेचे तुकडे आले. मग फरशांच्या कपच्या आल्या. पुढच्या चौकात काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवाल्यांचं ऑफिस आलं. अमेरिकेतले डॉक्टर बोलतात ते इथली मुलं-मुली कानाला लावून ऐकतात आणि टाइप करतात, असं ते काम. महिपतीला त्याचं कौतुक होतं. ऐकायचं आणि तेवढंच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. काम सोपं नव्हे.

हे ऑफिस आलं त्या पावसाळ्यात मात्र डबीत नवीनच वस्तू पडायला लागली. दोन पायांची पिन. कागदाला मारतात तशीच, पण जाड आणि बोटाच्या पेराएवढी. रंगाने काळीनिळी. ती टायरमध्ये घुसली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडायची, साप चावल्यासारखी. आज एक, उद्या दोन, असं करता करता त्याच्यापुढे सायकली आणि लुना ओळीने उभ्या राहू लागल्या. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मग नाही वाटलं.

सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ रिटायर्ड होते, सदाशिव पेठेतून इथे राहायला आलेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्यांनी सायकल घेतली होती. एका आठवड्यात दुसऱ्यांदा ते सायकल ढकलत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "अहो महिपती, यंदा पेरणी चांगली झालेली दिसतेय."

"कसली पेरणी?"

"पाऊसही वेळेवर आहे. पीक जोमात आलंय."

महिपतीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हातातली कानस हातातच राहिली. पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकतात, हे बोलणं त्याने आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल ऐकलं होतं.

"दीनानाथसाहेब, मी काढतो. टाकत नाही."

"मी कुठे काय म्हणालो? मी शेतीबद्दल बोलत होतो."

बोलणं तिथेच थांबलं असतं तर महिपतीने गिळलं असतं. पण सोसायटीत ते जिन्याजिन्याने फिरलं. उत्कर्षा त्याच ऑफिसात टाइपिंग करायची आणि त्याच सोसायटीत राहायची. गोड मुलगी, जाता-येता "काका" म्हणून हात करणारी. ती एकदा चिडून म्हणाली, "काका, थर्ड टाइम आहे हा. माझी शिफ्ट मिस होते. नेमकं तुमच्याच समोर कसं होतं?" त्यानंतर एक दिवस महिपतीने पाहिलं, ती पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलत त्याच्या समोरून गेली. खाली बघत गेली. पुढच्या फाट्यावर दुसरा पंक्चरवाला होता, तिथपर्यंत तिने चढ चढून सायकल नेली.

चढावर बसलेलं चाक ढकलायला किती जोर लागतो, हे महिपतीला माहीत होतं. एवढे कष्ट ती आपल्याला टाळायला करते, हे त्याला लागलं.

दोन दिवसांनी दीनानाथांनी सरळ सांगितलं. आता टोमणा नव्हता. "रविवारी मीटिंग आहे. तुमच्या कोपऱ्याचा विषय आहे. लोकांचं म्हणणं आहे, तुम्हाला उठवावं. गेनबांचा शब्द असेल, पण भिंत सोसायटीची आहे."

"रविवारपर्यंत थांबा," महिपती म्हणाला. "ह्या पिना कुठून येतात ते काढतो."

"काढा. तेच तर लिहिलंय तुमच्या पेटीवर."

दुसऱ्या दिवशी महिपती कोपरा बंद ठेवून बुधवार पेठेत गेला. तिथे जुन्या स्पीकरचा एक लोहचुंबक मिळवला. चांगला बशीएवढा, जड. दोरीने तो सायकलच्या कॅरियरला असा बांधला की रस्त्याला घासत यावा. मग सायकल हातात धरून तो चालू लागला. गावठाणापासून ऑफिसच्या फाटकापर्यंत रस्ता त्याने विंचरून काढला, एका कडेने जाताना आणि दुसऱ्या कडेने येताना. लोक बघत होते. चुंबकाला तारेचे तुकडे लागले, खिळे लागले, एक हेअरपिन लागली. काळ्या पिना मात्र एकाच ठिकाणी लागल्या, आणि तिथे झुबक्याने लागल्या. त्याच्या कोपऱ्यासमोर.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चुंबक पोत्याखाली सारला.

ऑफिसच्या फाटकाशीही काही पिना होत्या. तसल्याच दोन पायांच्या, त्याच मापाच्या, पण तांब्यासारख्या चकचकीत. टेबलं आणि कॉम्प्युटर ज्या लाकडी खोक्यांतून आले त्या खोक्यांच्या. महिपतीने चकचकीत पिन बोटांत धरून वाकवली, ती उसळून पुन्हा सरळ झाली. काळी वाकवली, ती वाकली तशी राहिली. त्याने पुन्हा करून पाहिलं. माप एक, जात एक, पण एक ताठ आणि दुसरी मेणासारखी. लोखंड असं मऊ पडतं ते विस्तवात. म्हणजे कुणीतरी ही खोकी जाळतंय आणि पिना रस्त्यावर येतायत. भंगारवाल्यांपैकीच कुणीतरी असणार. तार मोकळी करायला ते काहीबाही जाळतातच. भंगारवाला कुठे जाळतो, याचा तो दोन दिवस शोध घेत हिंडला. सापडला नाही.

रविवार उजाडला.

महिपतीची खोली गावठाणात होती. दारात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, सुशीलाबाईच्या हातचा घासलेला. ती सकाळी उठून बंब पेटवायची, आणि पाणी उतरलं की खालची राख ओढून घमेल्यात भरायची. ते घमेलं महिपती कोपऱ्यावर न्यायचा. याचं कारण असं की, ऑफिसला जाडी केबल हवी म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कोपऱ्यासमोर चर खणला गेला होता. माणसं माती वर लोटून निघून गेली आणि पाऊस आला. चिखलात लोक घसरायला लागले. एक आजोबा सायकलसकट पडले. तेव्हापासून महिपती रोज तिथे राख पसरायचा. राखेने चिखल धरतो, पाय घसरत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी आभारही मानले नव्हते. समोरचं काम होतं, केलं.

"राख भरली बरं," सुशीलाबाई आतून म्हणाली. "लवकर न्या. पाऊस आला त तिचाच चिखल व्हईन."

त्याने घमेलं उचललं. दुसऱ्या हातात, रस्ता पुन्हा विंचरायला म्हणून, पिना काढून साफ केलेला चुंबक होता. दोन्ही न्यायची, तर एकात एक ठेवावं म्हणून त्याने चुंबक राखेवर ठेवला. ठेवताना खडखडाट झाला. उचलला तर खालून साळिंदर झालेला. काळ्या पिनाच पिना. दोन पायांच्या.

महिपती उंबऱ्यावर बसला.

खोकी तर तोच आणत होता. ऑफिसच्या वॉचमनने फाटकाबाहेर फळ्या टाकल्या होत्या, त्याला विचारून रोज एक भारा कॅरियरला बांधून आणायचा. कोरडं, हलकं, पटकन पेटणारं लाकूड. सुशीलाबाई कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करायची, पिनांसकट बंबात घालायची. लाकूड जळायचं, पिना उरायच्या. आणि तो त्या राखेत मिसळून, घमेलं तिरकं धरून हलवत, नीट सारख्या पसरायचा. लोकांचे पाय घसरू नयेत म्हणून.

"काहून बसले?" सुशीलाबाई बाहेर आली.

"पेरणी म्याच करत होतो व."

तिने चुंबकाकडे पाहिलं. घमेल्याकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मंग सांगू नका कोनाले. आजपासून राख मी खड्ड्यात टाकते. पिना बंद होतीन, बोलनंबी बंद व्हईन. झालं."

तो ट्यूब पाण्यात असल्यासारखा गप्प बसून राहिला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पॅच बसला असता. वरून काही दिसलंही नसतं. पण आत ती पिन तशीच राहिली असती, आणि दीनानाथ येता-जाता शेतीबद्दल बोलत राहिले असते, आणि उत्कर्षा खाली बघून गेली असती. कोपरा कदाचित राहिला असता. पेटीवरचा शब्द राहिला नसता.

"येतो," म्हणून तो उठला.

मीटिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध दीनानाथ. गेनबा कडेला मांडी घालून जमिनीवरच बसला होता. उत्कर्षा वडिलांच्या जागी आली होती. महिपती सरळ दीनानाथांसमोर गेला आणि म्हणाला, "हात पुढे करा."

"काय आहे?"

"करा तर."

दीनानाथांनी हात पुढे केला. महिपतीने राखेने माखलेला, पिनांनी भरलेला चुंबक त्यांच्या तळहातावर ठेवला. हात खाली गेला, एवढा तो जड होता.

"हे घ्या. काढलं. माझ्या बंबातल्या राखेतून निघालं. ऑफिसची खोकी मी जाळतो आणि चिखलावर राख मी टाकतो. पिना त्यातून आल्या. आजपर्यंत मला कळलं नव्हतं, पण टाकल्या मीच."

मागून एक आवाज आला, "म्हणजे आता कबूलच केलंय की."

"आरं, कबूल केलंय म्हंजी काय?" गेनबा बसल्या जागेवरून म्हणाला. "राख कुनासाठी टाकत हुता त्यो? त्येच्या बापाचा रस्ता हाय व्हय? तुमीच पडत हुता धपाधप."

"गेनबा, भाषण नको," दीनानाथ म्हणाले. ते तळहातावरचं साळिंदर फिरवून फिरवून बघत होते. मग महिपतीला म्हणाले, "म्हणजे पेरणी खरीच होती."

"होती."

"खतासकट."

"हो."

उत्कर्षाला हसू फुटलं. तिने ओढणी तोंडावर धरली, पण ते थांबेना. "सॉरी काका, पण... तुम्हीच लावत होता आणि तुम्हीच काढत होता?"

मग गेनबा हसला, आणि मग सगळेच. दीनानाथ हसले नाहीत. त्यांनी चुंबक महिपतीला परत दिला, रुमालाने हात पुसला, आणि म्हणाले, "हा विषय संपला. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

महिपती तिथेच उभा. टाकी कोण धुणार यावर वादावादी सुरूही झाली. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "मग मी बसू का?"

"कुठे?" दीनानाथांनी विचारलं.

"कोपऱ्यावर."

"रोज कुठे बसता?"

"कोपऱ्यावर."

"मग आज विचारताय का?"

तो घरी आला तेव्हा सुशीलाबाई दारातच उभी होती. "काय म्हनले?"

"टाकी धुवायची हाये म्हने," महिपती म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी पोट भरून जेवला.

सोमवारपासून त्याने स्वतःलाच काम लावून घेतलं. पेटी उघडायच्या आधी चुंबक कॅरियरला बांधून कोपऱ्यापासून फाटकापर्यंत रस्ता विंचरायचा. सायकल हातात धरून, कारण बसून चालवली तर चुंबक उड्या मारतो आणि पिना सुटतात. चिखलातल्या पिना एका खेपेत येत नाहीत. पाऊस झाला की खालच्या वर येतात. पावसाळा संपेपर्यंत त्याने एकही दिवस सोडला नाही, आणि नवीन फळ्या आणल्या तर आधी पक्कडीने एकेक पिन उपटून मगच सुशीलाबाईकडे दिल्या. ते काम जळणापेक्षा महाग पडत होतं, हे त्याला दिसत होतं. तरी केलं. उत्कर्षा पुन्हा समोर थांबायला लागली. पुढे तिने स्कूटी घेतली, तरी हवा बघायला त्याच्याकडेच यायची.

नंतर चरावर डांबर पडलं. सायकली कमी झाल्या, बिनट्यूबची चाकं आली, आणि महिपती तेही काम शिकला. त्यात ट्यूबच नसते, म्हणून घुसलेलं आधी काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. हे त्याला फार पसंत पडलं. तो म्हणायचा, शेवटी कंपनीवाल्यांनाही पटलं.

दीनानाथांनी मात्र सायकल सोडली नाही. एका हिवाळ्यात ते चाक ढकलत आले आणि स्टुलावर बसले. महिपतीने ट्यूब काढली, बुडवली, घासली, पॅच ठोकला. मग टायरमध्ये बोटं घातली. एक वेढा झाला, काही लागलं नाही. दुसरा सुरू केला.

"अहो, राहू द्या," दीनानाथ म्हणाले. "पडलं असेल कुठेतरी."

"काढल्याशिवाय चाक बंद होणार नाही. बसा."

"बसलोयच."

तिसऱ्या वेढ्याला बोट थांबलं. त्याने पक्कडीने ओढलं आणि उन्हात धरून पाहिलं. बाभळीचा काटा. पांढरा, लांब, टोकाला अजून अणकुचीदार. महिपतीने तो बराच वेळ निरखला.

"आपल्याकडच्या बाभळी जाऊन जमाना झाला," तो म्हणाला. "असा काटा आता धरणाकडेच मिळतो. खडकवासल्याला."

दीनानाथ दुसरीकडे बघत होते.

"तिथली भजी म्हणे चांगली असतात," महिपती म्हणाला. "डॉक्टरांनी तेल बंद केलंय ना तुमचं? हात पुढे करा."

"डबीत टाका तो," दीनानाथ म्हणाले, "आणि हवा भरा गपचूप."

महिपतीने काटा डबीत टाकला, पंपावर पाय ठेवला आणि पाठीने जोर घेत हवा भरायला लागला.